जुन्या स्कूटरच्या फायनल ड्राइव्हचं बेअरिंग घेताना नंबरची शेपटी बघा

फायनल ड्राइव्हचं, म्हणजे मागचं चाक फिरवणाऱ्या गिअरच्या डब्याचं, केसिंग उघडून जुनं बेअरिंग काढलंत की लगेच फेकू नका, आधी पेट्रोलने नाहीतर डिझेलने स्वच्छ धुवा आणि कडेवरचा नंबर टॉर्च मारून वाचा. समजा ६२०४ आहे, तर शेवटचे ०४ गुणिले ५ म्हणजे आतलं भोक २० मिमी, बाहेरचा व्यास ४७ आणि जाडी १४. नंबर घासून गेला असेल तर व्हर्निअरने हीच तीन मापं घ्या, बेअरिंग सापडतं.

पण खरी चूक नंबरात होत नाही, त्याच्या पुढच्या अक्षरांत होते. दोन्ही बाजूंना रबर सील असलं की २आरएस, पत्र्याचं झाकण असलं की झेडझेड, आणि गिअर ऑइलमध्ये बुडून चालणाऱ्या बेअरिंगला यातलं काहीच नको, उघडंच हवं, कारण त्याला तेल पोचलं पाहिजे. मूळ बेअरिंगला एकाच बाजूला सील असेल तर मात्र तसंच घ्या.

दुसरं म्हणजे सी३, याचा अर्थ आतला प्ले, म्हणजे गोळ्यांभोवतीची मोकळीक, नेहमीपेक्षा जास्त. मी एकदा जुन्यावर सी३ लिहिलेलं असूनही साधं आणलं, हातात मस्त फिरत होतं, शाफ्टवर घट्ट बसल्यावर आतली रेस (गोळ्या जिच्यावर फिरतात ती कडी) फुगली आणि तेच बेअरिंग जड फिरायला लागलं, मग सगळं परत उघडावं लागलं. नंबरपुढे एनआर असेल तर बाहेरच्या रेसला खाच आणि रिंग असते, ती नसलेलं बेअरिंग केसिंगमध्ये सरकत राहील.

आणि हो, गिअरचे दात तिरके असतील तर शाफ्टवर त्याच्या लांबीच्या दिशेनेही जोर येतो, त्यामुळे बॉल बेअरिंगच्या जागी "रोलर जास्त मजबूत" म्हणून साधं रोलर टाकू नका, एन आणि एनयू टाइपची तो जोर घेतच नाहीत.

ऑइल सील सोबतच बदला, माप त्याच्यावरच छापलेलं असतं.

बसवताना केसिंग साधारण १०० डिग्रीपर्यंत गरम करा, बेअरिंग पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा, बऱ्याचदा नुसतं दाबलं तरी आत जातं. अडलंच तर केसिंगमध्ये बसवताना फक्त बाहेरच्या रेसवर दाब द्या, शाफ्टवर चढवताना फक्त आतल्या. उलटं केलं तर जोर गोळ्यांमधून जातो, रेसवर बारीक खड्डे पडतात, आणि नवंकोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरतं.