भाव वाढवला तर खप किती घटेल? वहीतून काढायचा हिशेब

म्हापशात काय, फोंड्यात काय, नारळाचा भाव चार रुपयांनी चढवावा की नाही हे बहुतेक दुकानदार अंदाजानंच ठरवतात. विक्रीची वही असेल तर अंदाजाची गरज नाही.

भाव बदलण्याआधीचे चार आणि नंतरचे चार आठवडे घ्या, म्हणजे पगाराचा आठवडा दोन्हीकडे येतो. समजा, ४० रुपयांचा नारळ ४४ झाला आणि खप ५०० वरून ४७० वर आला. टक्केवारी जुन्या आणि नव्या आकड्याच्या सरासरीवर काढा, नाहीतर भाव चढताना एक उत्तर येतं आणि उतरताना दुसरं. भावातला फरक ४ भागिले ४२, म्हणजे ९.५ टक्के. खपातला ३० भागिले ४८५, म्हणजे ६.२ टक्के. खपाच्या टक्क्यांना भावाच्या टक्क्यांनी भागलं की ०.६५ येतं. ही मागणीची लवचिकता, म्हणजे भाव एक टक्का चढला तर खप किती टक्के घटतो ते. ती एकाहून कमी असेल तर भाव वाढवून गल्ला वाढतो. इथं २०,००० चा २०,६८० झाला. खरेदीचा भावही चढला असेल तर नफ्याचा हिशेब मात्र वेगळा मांडा.

गणित सोपं आहे, फसगत होते ती आठवडे निवडताना. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी भाव आणि खप दोन्ही चढतात. ती सणाची मागणी, महागाईची करामत नव्हे. मासळीचं तर आणखी अवघड. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरबंदी, त्यात मालच कमी येतो. दहा वाजताच पाटी रिकामी झाली तर वहीतला आकडा खप दाखवतो, मागणी नाही. परत गेलेली गिऱ्हाइकंही टिपून ठेवा. मग श्रावणात भाव न हलताही अनेक घरांत मासळी बंद. ताजा बांगडा महागला की सुका बांगडा आणि अंडी किती जास्त गेली, तेही बाजूच्या रकान्यात लिहा.

उत्पन्नाचा परिणाम बघायचा तर भाव स्थिर असलेला काळ निवडा. २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या ट्रकवाल्यांची कमाई आटली. अशा वेळी घटलेला खप भावाच्या माथी मारू नये. गिऱ्हाइकाची कमाई आपल्याला कळत नाही, पण उधारीची वही बरंच सांगते: उधारी लांबत असताना ज्या मालाचा खप वाढतो, तो माल लोक हात आखडल्यावर घेतात. कमाई सुधारली की त्याचा साठा आधी कमी करा.