इंग्रजीतलं ‘गेट’ हे क्रियापद कसं ओळखावं आणि कसं वापरावं

जी-ई-टी, एवढी तीनच अक्षरं. पण मोठ्या शब्दकोशात या क्रियापदाचे अर्थ पानंच्या पानं भरतात. ते पाठ करत बसलात तर बोलताना नेमका हवा तो आठवत नाही. त्यापेक्षा ‘गेट’च्या पुढे काय आलंय ते पाहायची सवय लावा, कारण अर्थ तिथेच ठरतो. उच्चारही आधीच पक्का करा. देवनागरीत हे क्रियापद आणि फाटकाचं गेट सारखंच दिसतं, पण क्रियापदातला ‘ए’ ‘पेन’मधल्यासारखा आखूड आहे, फाटकातला लांब. भूतकाळी रूप ‘गॉट’.

१. पुढे नाम असेल तर: मिळणं, घेणं, आणणं

‘आय गॉट अ लेटर’ म्हणजे मला पत्र आलं. मराठीत इथे ‘मला’ येतं आणि क्रियापद पत्राप्रमाणे चालतं. इंग्रजीत मात्र ज्याला मिळालं तोच कर्ता. म्हणून मराठी वाक्यातल्या ‘मला, तिला, त्यांना’च्या जागी ‘आय, शी, दे’ ठेवून सुरुवात करा.

‘गेट’नंतर आधी माणूस आणि मग वस्तू आली, तर अर्थ ‘आणून देणं’. ‘गेट मी अ ग्लास ऑफ वॉटर’, मला पेलाभर पाणी आणून दे.

२. पुढे विशेषण असेल तर: होणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून या पायरीला वेळ द्या. ‘इट्स गेटिंग डार्क’ म्हणजे अंधार पडतोय. ‘ही गॉट अँग्री’ म्हणजे त्याला राग आला. ‘आयॅम गेटिंग हंग्री’ म्हणजे मला भूक लागायला लागलीय. मराठीत अंधार पडतो, राग येतो, भूक लागते, चहा गार होतो. प्रत्येकाला वेगळं क्रियापद. इंग्रजीत या सगळ्यांना ‘गेट’ पुरतं, कारण प्रत्येक ठिकाणी एक अवस्था जाऊन दुसरी येतेय.

अवस्था आधीपासून तशीच असेल तर ‘गेट’ चालत नाही. ‘आय वॉज टायर्ड’ म्हणजे मी दमलेलो होतो. ‘आय गॉट टायर्ड’ म्हणजे मी दमलो. कसोटी सोपी आहे. मराठीत ‘आहे’ किंवा ‘होता’ येत असेल तर ‘इज’, ‘वॉज’. ‘होतोय’, ‘झाला’, ‘यायला लागला’ असं काही येत असेल तर ‘गेट’.

या कसोटीला एक मोठा अपवाद आहे. ‘तो डॉक्टर झाला’ यात ‘झाला’ आहे म्हणून ‘ही गॉट अ डॉक्टर’ म्हणाल, तर ऐकणाऱ्याला वाटेल त्याला डॉक्टर मिळाला किंवा त्याने डॉक्टर बोलावून आणला. ‘डॉक्टर’ हे नाम आहे, त्यामुळे पहिल्या पायरीचा अर्थ लागू होतो. नामाच्या बाबतीत ‘बिकेम’ वापरा.

३. पुढे ठिकाण असेल तर: पोहोचणं

‘वी गॉट टू नागपूर अ‍ॅट नाइन.’ गावाच्या किंवा जागेच्या नावाआधी ‘टू’ लागतो, पण ‘होम, हिअर, देअर’ यांच्याआधी लागत नाही. ‘आय गॉट टू होम’ चूक, ‘आय गॉट होम’ बरोबर. त्यात ‘अ’ घुसला तर घरी पोहोचण्याऐवजी घर मिळालं असा अर्थ होतो.

४. दुसऱ्याकडून काम करून घेताना

आपण सर्रास म्हणतो, ‘मी काल केस कापले.’ कापणारा न्हावी, हे सगळ्यांना कळतं. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटलं की कात्री तुमच्याच हातात येते. म्हणायचं असतं ‘आय गॉट माय हेअर कट’. क्रम पक्का धरा: गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. ‘आय गॉट द टीव्ही रिपेअर्ड’ बरोबर. ‘आय गॉट रिपेअर्ड द टीव्ही’ चूक.

माणसाकडून करून घेतलं तर त्याच्यानंतर ‘टू’ येतो: ‘आय गॉट हिम टू साइन’, म्हणजे त्याला सही करायला लावली, बहुधा समजावून. ‘मेड’ वापरलात तर ‘टू’ गळतो आणि जबरदस्तीची छटा येते: ‘आय मेड हिम साइन’.

मध्ये वस्तू नसताना ‘गॉट’नंतर तिसरं रूप आलं, तर ते कर्त्यावर घडलेलं असतं: ‘माय फोन गॉट स्टोलन’, माझा फोन चोरीला गेला. ‘गॉट मॅरीड’ही याच साच्यातलं; त्यापुढे ‘विथ’ नको, ‘टू’ हवा.

५. पुढे ‘टू’ आणि क्रियापद असेल तर

‘आय गॉट टू मीट हर’ म्हणजे मला तिला भेटायला मिळालं. मराठीची ‘-ायला मिळणं’ ही रचना इथे तंतोतंत बसते. पण आधी ‘हॅव’ आला की अर्थ उलटतो: ‘आय हॅव गॉट टू मीट हर’, मला तिला भेटायलाच हवं. पहिल्यात संधी, दुसऱ्यात सक्ती. घाईत बोलताना हा ‘हॅव’ जवळजवळ ऐकू येत नाही, तेव्हा संदर्भावरून ठरवा.

६. वाहनात चढताना-उतरताना

आत उभं राहून चालता येतं अशा वाहनांसाठी, म्हणजे बस, रेल्वे, विमानासाठी, ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. ज्यात वाकून बसावं लागतं अशा कार, टॅक्सीसाठी ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. सायकल आणि घोडा मात्र ‘ऑन’, ‘ऑफ’मध्ये. बसमधून उतरण्याला आपण ‘गेट डाउन’ म्हणतो. भारतात ते चालून जातं. परदेशात हेच शब्द कुणी ओरडून म्हटले तर लोक खाली वाकतील.

‘गेट अलाँग’ (पटणं), ‘गेट ओव्हर’ (सावरणं) अशा जोड्यांना मात्र युक्ती नाही. त्या पूर्ण वाक्यासकटच लिहून ठेवा.

७. कुठे टाळावं

अर्जात, कार्यालयीन पत्रात आणि प्रबंधात ‘गेट’ सैल वाटतं. तिथे मिळण्यासाठी ‘रिसीव्ह’, होण्यासाठी ‘बिकम’, पोहोचण्यासाठी ‘अराइव्ह’ घ्या. ‘अराइव्ह’पुढे ‘टू’ येत नाही. शहर असेल तर ‘इन’, स्टेशन किंवा इमारत असेल तर ‘अ‍ॅट’.

अमेरिकी मजकुरात ‘गॉटन’ दिसलं तर ते चूक समजू नका. तिथे ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, आणि ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे मी गाडी घेतली आहे. ब्रिटिश वळणाने लिहिणाऱ्यांनी दोन्हीकडे ‘गॉट’च ठेवावं.