कंटेनरची मेमरी आणि सॉकेटची मेमरी: एकच पोतं, दोन वह्या

समजा, सांगली मार्केट यार्डातले हळदीचे दर मोबाइलवर पाठवणारी सेवा ५१२ एमबीच्या कंटेनरमध्ये (मेमरीची मर्यादा घातलेल्या वेगळ्या कप्प्यात) चालते. सौदे निघाले की चारशे फोन जोडले जातात. जत-आटपाडीकडे रेंज कमी पडली की पोच येईपर्यंत डेटा कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, तुंबून राहतो. मग ॲपमध्ये लीक (मेमरी घेऊन परत न करण्याची चूक) नसतानाही कंटेनर मरतो.

कारण सीग्रुप व्ही२ (कंटेनरची मेमरी मोजणारी लिनक्सची सोय) मध्ये सॉकेटच्या, म्हणजे टीसीपी नेटवर्क जोडणीच्या, बफरची मेमरी दोन वह्यांत चढते: कंटेनरच्या मेमरी.मॅक्स या मर्यादेखाली आणि अख्ख्या मशीनच्या टीसीपी_मेम या मर्यादेखाली.

आधी कुठली वही भरली ते डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) बघा. ‘मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी’ असेल तर कंटेनरची. ‘टीसीपी: आउट ऑफ मेमरी’ असेल तर मशीनची, आणि मग दोषी शेजारचा कंटेनरही असू शकतो. कंटेनरच्या मेमरी.स्टॅटमधली ‘सॉक’ ओळ बाइटमध्ये असते. प्रोक/नेट/सॉकस्टॅटमधला टीसीपीचा ‘मेम’ आकडा मात्र पानांत (मेमरीच्या तुकड्यांत), म्हणजे साधारण ४ केबीच्या पटीत. तिथे २५,६०० दिसलं तर ते १०० एमबी. टीसीपी_मेमही पानांतच. त्यात बाइट टाकले की मर्यादा हजारो पटींनी वाढते आणि आपण ती लावली आहे अशा भ्रमात राहतो.

कंटेनरची वही भरत असेल तर पहिला उपाय बफरला लगाम. टीसीपी_डब्ल्यूमेम म्हणजे एका जोडणीच्या पाठवण्याच्या बफरचं सेटिंग; त्याचा तिसरा आकडा, म्हणजे कमाल, बहुधा ४१९४३०४ बाइट (४ एमबी) असतो. चारशे जोडण्या गुणिले ४ एमबी म्हणजे १६०० एमबी, ५१२ मध्ये बसणार कसे? तो २६२१४४ करा, कमाल १०० एमबीवर येते. हे सेटिंग नेटवर्क नेमस्पेसनुसार (कंटेनरच्या स्वतंत्र नेटवर्क कप्प्यानुसार) वेगळं असतं, म्हणून कंटेनर चालवणाऱ्या डॉकरला सिसकंट्रोलचा पर्याय देऊन त्याच कंटेनरपुरतं लावा. दरांसारख्या छोट्या मजकुराला एवढं पुरतं. बहुतेकांचं काम इथेच भागतं.

तरीही सॉकेटचा हिशोब कंटेनरच्या वहीतून तोडायचाच असेल तर ग्रबच्या (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कर्नल ओळीत ‘सीग्रुप.मेमरी=नोसॉकेट’ घालून रीबूट करा, अर्थात सौदे संपल्यावर. कंटेनरच्या खात्यातून सॉकेट सुटतात, पण सगळ्याच कंटेनरच्या. रॅम तेवढीच जाते, फक्त मेमरी.मॅक्सच्या आकड्यात दिसत नाही. त्यामुळे सगळ्या मर्यादांची बेरीज एकूण रॅमपेक्षा कमी ठेवून उरलेल्या जागेत टीसीपी_मेम बसवा.

शेजारच्या कंटेनरने मशीनची वही भरली तर उलट तोडणी हवी, म्हणजे मशीनच्या वहीतून. अगदी नव्या कर्नलमध्ये प्रोक/सिस/नेट/कोअरखाली ‘बायपास_प्रॉट_मेम’ फाइल असते. तिथे १ लिहिल्यावर नवे सॉकेट टीसीपी_मेममध्ये मोजले जात नाहीत, कंटेनरच्या मर्यादेत मात्र राहतात. आधी उघडलेल्या सॉकेटवर परिणाम नाही, म्हणून सेवा पुन्हा सुरू करा. नोसॉकेटसोबत हे कधीच लावू नका: दोन्ही वह्या बंद, आणि पोती मोजणारा कोणी नाही.