रायफलचे काडतूस भरताना गोळीची खोली आणि क्रिम्प : या चुका टाळा

सैल बसलेली गोळी क्रिम्प (पुंगळीचे, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाचे, तोंड गोळीवर आवळणे) घट्ट करून जागेवर धरून ठेवता येते, ही समजूत हाताने काडतुसे भरणाऱ्यांमध्ये फार घट्ट रुजलेली आहे, आणि पुढच्या अनेक बिघाडांचे मूळ तिच्यातच असते. रायफलच्या पुंगळीत गोळी धरून ठेवण्याचे मुख्य काम पुंगळीची मान करते. क्रिम्पची केवळ त्याला जोड मिळते. साइझिंग (वापरलेली पुंगळी साच्यात दाबून पुन्हा मापात आणणे) केल्यावर मानेचा आतला व्यास गोळीच्या व्यासापेक्षा साधारणपणे ०.००१ ते ०.००३ इंच कमी असावा लागतो. तो तसा नसेल, तर एक्सपांडरचे (मान आतून रुंद करणाऱ्या गुंडीचे) माप मोठे आहे, मानेची भिंत पातळ आहे किंवा वारंवार वापरून पितळ कडक झाल्यामुळे साइझिंगनंतर मान पुन्हा उघडते आहे, यांपैकी एखादे कारण शोधावे. पितळ कडक झाले असेल तर मानेचे अनीलिंग करावे, म्हणजे ती तापवून पुन्हा मऊ करावी.

क्रिम्प अधिक आवळल्याने पकड उलट सैल होऊ शकते, यावर अनेकांचा सहजी विश्वास बसत नाही. कारण मात्र सरळ आहे. दाबाखाली गोळीचा शिशाचा गाभा आत दबतो आणि तसाच राहतो, तर भोवतीचे पितळ दाब निघताच थोडे मागे येते. त्यामुळे दोघांमध्ये फट पडते. शिवाय गोळीचे जॅकेट (बाहेरचे तांब्याचे आवरण) विद्रूप होऊन अचूकता जाते, ती वेगळीच. ज्या गोळीवर कॅनेल्युअर, म्हणजे क्रिम्पसाठी पाडलेली खाच, नाही, तिच्यावर रोल क्रिम्प (तोंडाची कड आत वळवणारा क्रिम्प) करूच नये.

भरलेले काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेत) शिरत नसेल, तर आधी पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) पाहावा. गोळी बसवणे आणि क्रिम्प करणे ही दोन्ही कामे एकाच फटक्यात उरकताना पुंगळीचे तोंड गोळीला आवळू लागते आणि गोळी मात्र अजून खाली सरकत असते. तो जोर खांद्यावर येऊन खांदा किंचित फुगतो. हा फुगवटा डोळ्यांना दिसेलच असे नाही, पण बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) बंद करताना लगेच जाणवतो. अशा वेळी बोल्टवर जोर लावून काडतूस आत कोंबू नये. यावर उपाय म्हणजे ही कामे दोन टप्प्यांत करणे. प्रेसचा रॅम (पुंगळी वर उचलणारा दट्ट्या) वर असताना डाय (साचा) पुंगळीच्या तोंडाला टेकेपर्यंत खाली आणावी, मग सुमारे एक फेरा वर घेऊन लॉक करावी आणि फक्त सीटिंग स्टेमने (डायमधल्या, गोळी खाली दाबणाऱ्या दांडीने) खोली ठरवावी. सगळ्या गोळ्या बसल्यावर स्टेम वर घेऊन क्रिम्पसाठी डाय खाली आणावी.

पुंगळ्यांची लांबी सारखी नसेल, तर डायची मांडणी कितीही नेमकी असली तरी क्रिम्प सारखा होत नाही. लांब पुंगळीवर तो जास्त बसतो, आखूड पुंगळीवर कमी. .३०८ विंचेस्टरच्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच असून ती २.००५ इंचांपर्यंत कापण्याची पद्धत आहे. कापल्यानंतर तोंडाची आतली-बाहेरची धार न मोडल्यास गोळी आत जाताना जॅकेटचा तांबूस कीस निघतो. तो दिसला की काम थांबवावे.

खोलीच्या बाबतीत सर्वांत मोठा घोटाळा मोजमापात होतो. टोकापासून घेतलेली एकूण लांबी मॅगझिनसाठी उपयोगी आहे (.३०८ साठी कमाल २.८१० इंच), पण गोळ्यांची टोके एकसारखी नसतात, त्यामुळे खोली खरोखर सारखी आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. रायफलिंगच्या लँड्सना (नळीच्या आतल्या पिळदार खाचांमधल्या उंचवट्यांना) प्रथम टेकतो तो गोळीचा ओजाइव्ह, म्हणजे टोकाकडे निमुळता होणारा वक्र भाग. म्हणून कॅलिपरला कंपॅरेटर (ओजाइव्हवर टेकणारा जोड) जोडून तिथूनच माप घ्यावे. गोळी लँड्सना टेकवून बसवली की दाब वाढतो. मॅन्युअलमधला पावडरचा भार लँड्सपासून अंतर ठेवलेल्या गोळीसाठी असेल, तर तो तसाच इथे वापरणे धोक्याचे आहे. सुरुवातीच्या कमी भारापासूनच पुन्हा चढत जावे. अशी गोळी न झाडता काडतूस बाहेर काढले, तर ती नळीत अडकून पावडर रायफलमध्ये सांडण्याची शक्यताही असते. दुसऱ्या टोकाला, मापापेक्षा खोल बसलेली गोळी पुंगळीतली जागा कमी करते आणि दाबाचे गणित बदलते. गोळीवर गोल वण उमटत असेल, तर सीटिंग स्टेम त्या गोळीच्या आकाराचा नाही, किंवा मानेची पकड अति आहे.

मग क्रिम्प लागतो कुठे? नळीसारख्या मॅगझिनच्या लीव्हर-ॲक्शन रायफलमध्ये, आणि जिथे जोरदार धक्क्याने मॅगझिनमधल्या गोळ्या सरकतात तिथे. साध्या बोल्ट-ॲक्शनला बहुधा गरज नसते. नळीच्या मॅगझिनमध्ये टोकदार कडक गोळी मुळीच वापरू नये, कारण ती पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला (पावडर पेटवणाऱ्या, बुडाशी बसवलेल्या टोपीला) टेकते.

पकड पुरेशी आहे का, हे तपासण्यासाठी ओजाइव्हपासून माप घ्यावे, काडतूस टेबलाच्या कडेवर गोळीच्या टोकाने हाताने दाबावे आणि पुन्हा मोजावे. स्वयंचलित भरणी असलेल्या रायफलसाठी नेमबाजीच्या मैदानावर, नळी सुरक्षित दिशेला रोखून, एक काडतूस मॅगझिनमधून चेंबरमध्ये घ्यावे, न झाडता बाहेर काढावे आणि माप ताडून पाहावे. पावडर दाबून भरली असेल, तर दुसऱ्या दिवशीही मोजावे, कारण ती गोळीला हळूहळू बाहेर ढकलू शकते. गोळी आत वा बाहेर सरकलेली आढळली, तर त्या घाण्यातली सगळी काडतुसे बुलेट पुलरने उघडावीत आणि मानेच्या मापापासून पुन्हा सुरुवात करावी.