गाडीला पिकअप नाही? टर्बो बदलण्याआधी काय काय तपासायचं

जुनी टर्बो डिझेल गाडी खंबाटकी चढताना तिसऱ्यावरून दुसऱ्या गियरवर आली, की गॅरेजमधलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "साहेब, टर्बो गेला." कधीकधी तो खरंच गेलेला असतो. पण पुष्कळदा टर्बो धडधाकट असतो आणि त्यानं दाबलेली हवा कुठल्या तरी फाटक्या पाईपातून बाहेर जात असते, किंवा इंजिनाला पुरेसं डिझेलच पोचत नसतं. म्हणून तपासणी स्वस्त गोष्टींपासून सुरू करायची आणि टर्बो शेवटी खोलायचा. उलटं केलं तर हजारो रुपये जातात आणि दोष तिथेच राहतो.

उदाहरणाला १.३ मल्टिजेट घेऊ, कारण आपल्याकडे हे १२४८ सीसीचं इंजिन घरोघरी पोचलं. मूळ फियाटचं. पुण्याजवळ रांजणगावला बनत होतं, मारुतीनं परवान्यावर बनवून २००७ पासून स्विफ्टमध्ये दिलं, टाटांनी क्वाड्राजेट नावानं व्हिस्टात बसवलं. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले तसं हे इंजिन बनणं बंद झालं. म्हणजे रस्त्यावरची यातली प्रत्येक गाडी आता वयस्कर आहे. ७५ हॉर्सपॉवरच्या इंजिनात साधा, वेस्टगेटचा टर्बो असतो. ९० च्या इंजिनात पाती हलणारा. हा फरक पुढे लागेल. दुसरी गाडी असली तरी तपासणीचा क्रम बदलत नाही.

तक्रार आधी नीट मांडा

"ओढत नाही" एवढ्यानं काही कळत नाही. दम एका दिवसात गेला की महिनोन्‌महिने हळूहळू? सगळ्याच आरपीएमला कमी आहे की फक्त दोन हजारांच्या वर? गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की थोडा वेळ बरी चालते का? धूर कुठल्या रंगाचा? ही उत्तरं कागदावर लिहा, अर्धं निदान तिथेच होतं.

एकदम दम गेला असेल तर पाईप निसटणं, नळी फाटणं, सेन्सर मरणं यातलं काहीतरी असतं. हळूहळू गेला असेल तर काजळी, फिल्टर, इंजेक्टर. बंद-चालू केल्यावर बरी होत असेल तर ईसीयूनं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरनं, इंजिनाला मुद्दाम वेसण घातलेली असते. यालाच लिम्प मोड म्हणतात. अशा वेळी बहुतेक वेळा त्यात दोषाचा कोड साठवलेला असतो, तो पुसू नका.

एक सांगायलाच हवं. ७५ हॉर्सपॉवरचं मल्टिजेट १५०० आरपीएमला मेल्यासारखंच असतं. त्याचा सगळा जोर, १९० न्यूटन-मीटर, २००० ला येतो. पेट्रोल गाडीवरून नुकत्याच आलेल्या माणसाला हा दोष वाटतो. तो दोष नाही.

इंजिन कमी पडतंय की गाडी अडतेय?

मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गियरमध्ये ४० च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा वर पळाला आणि वेग मागे राहिला, तर क्लच घसरतोय. टर्बोचा काही संबंध नाही. घाटात जळका वासही येतो.

मग थोडं अंतर चालवून, ब्रेक कमीत कमी वापरून थांबा आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या, रिमला लावू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलेलं असेल तर तिथला ब्रेक धरून बसलाय. कोकणात पावसाळाभर हँडब्रेक ओढून उभ्या राहिलेल्या गाड्यांत मागचे ड्रम असे हमखास चिकटतात. टायरची हवाही बघून टाका.

बॉनेट उघडा, नळ्या हातानं चाचपा

इंजिन थंड असताना एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर तर बघाच, पण डब्यात उंदरांनी भरलेली चिंध्या-गवताची गादी नाही ना, तेही बघा. उंदीर आणखी एक करतात: बोटापेक्षा बारीक रबरी व्हॅक्यूम नळ्या कुरतडतात. तेवढ्या नळीनं टर्बोचं नियंत्रण पूर्ण जाऊ शकतं.

आता मुख्य काम. टर्बोकडून इंटरकूलरकडे (दाबून तापलेली हवा गार करणारी जाळी) आणि इंटरकूलरकडून इंजिनाकडे जाणारे जाड पाईप शोधा. त्यांच्या आत तेलाचा पातळ थर असणं स्वाभाविक आहे, त्यानं घाबरायचं नाही. बाहेरून मात्र एखाद्या ठिकाणी ओलसर तेल आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, तर हवा तिथून फुटतेय. क्लिपच्या कडेला, वळणाच्या आतल्या बाजूला आणि विशेषतः पाईपच्या खालच्या अंगाला बघा. वरून डोळ्यांना काही दिसत नाही. हात खालून फिरवावा लागतो, नाहीतर मोबाईलचा कॅमेरा खाली धरून फोटो काढावा. पाईप दोन्ही हातांनी पिळून वाकवा, कारण बंद तोंडाची चीर दाब आल्याशिवाय उघडतच नाही. याच कारणानं आयडलिंगला सगळं ठीक दिसतं आणि चढावर गाडी मरते.

आमच्या ओळखीतल्या एका जुन्या डिझेल सेडानला दोन गॅरेजांनी टर्बोचं एस्टिमेट दिलं होतं. दोष निघाला इंटरकूलरच्या खालच्या पाईपात, क्लिपच्या अगदी मागे, अंगठ्याच्या नखाएवढी चीर. पाईप बदलला, गाडी पळायला लागली.

अशा गळतीची खूण म्हणजे काळा धूर आणि जोर दिला की येणारा फुस्स आवाज. धूर का येतो ते समजून घ्या. आत येणारी हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर टर्बोच्या आधी बसवलेला असतो. तो हवा मोजतो, ईसीयू त्या हिशेबानं डिझेल सोडू देतो, आणि मोजलेल्यापैकी काही हवा वाटेतच गळते. डिझेल जास्त, हवा कमी. उरलेलं काजळी होऊन सायलेन्सरमधून बाहेर.

चीर सापडत नसेल तर स्मोक टेस्ट करणारं गॅरेज गाठा. पाईपांत कमी दाबानं धूर भरतात, गळती असेल तिथून तो बाहेर येतो. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा थेट सोडायचा शहाणपणा घरी करू नका, सील उडतात.

स्कॅनर लावा, पण कोडवरच थांबू नका

स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसणारा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाईलवरचं ॲप, एवढ्यावर बरंच काम होतं. फार जुन्या गाड्या स्वस्त स्कॅनरला दाद देत नाहीत, तिथे गॅरेजचा लागेल. नेहमी भेटणारे कोड असे: पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी, पी०२३४ म्हणजे जास्त, पी००८७ म्हणजे रेलमधला (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीतला) डिझेलचा दाब कमी, पी०१०१ म्हणजे एअर फ्लो सेन्सरचं गणित जुळत नाही, पी०४०१ म्हणजे ईजीआरचा (थोडा जळका वायू परत इंजिनात फिरवणारी व्यवस्था) प्रवाह अपुरा. पी०२९९ दिसला की "टर्बो गेला" म्हणणाऱ्यापासून सावध राहा. तो कोड दाब कमी आहे एवढंच सांगतो, का कमी आहे ते सांगत नाही.

लाइव्ह डेटात आधी एक फुकटची तपासणी. चावी ऑन, इंजिन बंद. मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, बघा. तो तुमच्या गावच्या हवेच्या दाबाएवढा हवा: मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५ च्या, महाबळेश्वरला ८६-८७. आकडा यापासून बराच लांब असेल तर सेन्सर काजळीनं माखलाय किंवा बिघडलाय, आणि त्याच्या भरवशावर चाललेला ईसीयू चुकीचे निर्णय घेतोय.

मग रस्त्यावर. गाडी एकानं चालवायची, मोबाईल दुसऱ्यानं बघायचा. दोन्ही एकट्यानं करू नका. तिसऱ्या गियरमध्ये १५०० आरपीएमपासून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ३५०० पर्यंत न्या आणि मॅनिफोल्ड प्रेशर, रेल प्रेशर आणि एअर फ्लो रेकॉर्ड करा. ठणठणीत मल्टिजेटमध्ये मॅनिफोल्डचा दाब साधारण २०० किलोपास्कलपर्यंत चढतो. रेलचा दाब आयडलिंगला ३०० बारच्या आसपास आणि पूर्ण जोरात हजाराच्या बराच वर जातो. ॲप ईसीयूनं मागितलेला आकडाही दाखवत असेल तर तोच खरा मापदंड: मागितलं किती, मिळालं किती.

इथे एक फसगत असते. टर्बो फिरतो एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूच्या, जोरावर. डिझेल कमी पडलं तर एक्झॉस्टही दुबळा होतो आणि टर्बोचा दाब आपोआप घसरतो. म्हणजे दोष डिझेलचा, पण आकडा टर्बोकडे बोट दाखवतो. अशा वेळी धूर येतो का ते मागच्या गाडीवाल्याला विचारा. दाब कमी आणि काळा धूर असेल तर हवेच्या बाजूला शोधा. दाब कमी, धूर अजिबात नाही आणि रेलचा दाब मागणीच्या खाली येतोय, तर डिझेलच्या बाजूला.

हवेच्या बाजूला

पाईप चांगले असतील तर ॲक्च्युएटरकडे, म्हणजे दांडा हलवून टर्बोचा दाब सांभाळणाऱ्या डबीकडे, वळा. साध्या टर्बोत वेस्टगेटची झडप स्प्रिंगनं बंद असते आणि दाब पुरेसा झाला की उघडते. ती काजळीनं उघडी अडकली तर एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून निघून जातो. इंजिन थंड असताना दांडा हलतो का, सोडल्यावर घट्ट बसतो का, एवढं बघा.

पाती हलणाऱ्या टर्बोत बहुधा व्हॅक्यूमचा ॲक्च्युएटर असतो आणि तिथे खेळ उलटा. इंजिन सुरू झालं की दांडा आत ओढला जायला हवा, बंद केल्यावर परत यायला हवा. हललाच नाही तर नळी, सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) किंवा पाती, तिघांपैकी एक. ब्रेकचं पेडलही कडक लागत असेल तर व्हॅक्यूम पंपाकडे बघा, कारण ब्रेक बूस्टरही त्यावरच चालतो.

शहरात आयुष्य काढलेल्या गाडीत ईजीआर व्हॉल्व्ह काजळीनं उघडा राहतो आणि ताज्या हवेच्या जागी जळकी हवा आत घेतो. काढून साफ करता येतो. तो कायमचा बंद करून देणारे भेटतात. प्रदूषण वाढतं आणि नियमातही बसत नाही. एअर फ्लो सेन्सर त्याच्यासाठीच्या स्प्रेनं साफ करा, कापडानं किंवा बोटानं नाही. त्याचं कनेक्टर काढून गाडी चालवल्यावर ती जास्त चांगली ओढू लागली तर सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे. फक्त संशय, पुरावा नव्हे.

डिझेलच्या बाजूला

डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला हे आठवत नसेल तर आधी तो बदला. जुन्यातलं डिझेल काचेच्या बाटलीत ओतून ठेवा. तळाशी पाणी किंवा गाळ दिसला तर टाकीही बघावी लागेल. त्यानंतर इंजेक्टरची रिटर्न टेस्ट: चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून काही मिनिटं इंजिन चालवायचं. एक बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरली तर तो इंजेक्टर रेलचा दाब खातोय. हे मेकॅनिककडूनच करून घ्या, आणि चालू इंजिनात जाड लोखंडी पाईपचा नट कुणालाही सैल करू देऊ नका. तिथली बारीक धार कातडीतून आत शिरते.

हवा आणि डिझेल दोन्ही बरोबर निघालं, तर एक्झॉस्ट तुंबलाय का ते दाब मोजून बघा. मल्टिजेटला टायमिंग बेल्ट नाही, चेन असते. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत ती सैल होऊन टायमिंग सरकतं, तेही तपासा.

आता टर्बो

टर्बोच्या तोंडाचा पाईप काढून टॉर्च लावा. पात्यांच्या कडा खाल्लेल्या, वाकलेल्या किंवा आतल्या भिंतीला घासलेल्या दिसल्या तर निकाल लागला. शाफ्ट बोटांनी हलवून बघा: आडवा किंचित हलणं चालतं, पुढे-मागे जाणवण्याइतका हलला तर बेअरिंग गेलं. निळा धूर आणि पाईपात साचलेलं ऑइल हीदेखील लक्षणं. ऑइल भरपूर जात असेल तर गाडी चालवूच नका. ते इंजिनात खेचलं गेलं तर चावी काढूनही इंजिन रेस होत राहतं. तेव्हा ब्रेक घट्ट दाबून वरचा गियर टाकायचा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं.

शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत फिरतो, तोही ऑइलच्या पातळ थरावर. टर्बो बहुधा ऑइल न पोचल्यानं मरतो. म्हणून नुसता कोअर (टर्बोचा शाफ्ट-बेअरिंगचा आतला भाग) बदलून भागत नाही. ऑइलची फीड पाईप नवीन घ्या, ऑइल आणि फिल्टर बदला, परतीची नळी आणि क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणारी वाट) मोकळा आहे का बघा, इंटरकूलरमधलं साचलेलं ऑइल पूर्ण काढा. बसवताना टर्बोत थोडं ताजं ऑइल ओतून शाफ्ट हातानं फिरवायचा, इंजिन सुरू न होऊ देता काही सेकंद स्टार्टर मारायचा, मग सुरू करून काही मिनिटं रेस न देता चालू ठेवायचं. पुढचे काही दिवस ऑइलची पातळी रोज बघा. आणि तिसऱ्या गियरमधली तीच चाचणी पुन्हा करून आकडे जुन्या रेकॉर्डशेजारी ठेवा. दाब अजूनही तिथेच अडकत असेल तर बिल देण्याआधी मेकॅनिकला दोन्ही दाखवा.