पाकिटाच्या मागचा हिशेब

मी 23 वर्षं एका कारखान्याचे हिशेब लिहिले आणि भाड्याने द्यायला पहिलं घर घेताना मात्र स्वतःचा हिशेब एका जुन्या पाकिटाच्या मागे केला. नीट वहीत मांडला असता तर त्या किमतीला ते घर घेतलंच नसतं. म्हणून आधी वही काढा.

आकडे सोपे जावेत म्हणून घराची किंमत 100 धरू. 20 तुमचे, 80 कर्ज, व्याज 8 टक्के, मुदत 20 वर्षं. वर्षाचे हप्ते होतात साधारण 8. भाडं महिन्याला अर्धा, म्हणजे वर्षाला 6. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत एखादा महिना कोरडा जातोच, तिथे अर्धा गेला. कर, विमा, दुरुस्ती, रंग मिळून 1 धरा. हातात राहिले साडेचार, बँकेला द्यायचेत 8. वरचे साडेतीन दर वर्षी पगारातून! शिवाय पहिल्या वर्षी त्या 8 मधले सव्वासहाहून जास्त नुसत्या व्याजात जातात. मुद्दल पावणेदोनसुद्धा उतरत नाही.

‘भाड्यातून हप्ता सुटतो’ असं मला सांगणारा माणूस घर विकायलाच बसला होता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आपल्या भागातले खरे आकडे घालून हे गणित पुन्हा करा. साडेतीनची तूट झेपणार नसेल तर किंमत पाडून मागा, कर्ज कमी घ्या, नाहीतर ते घर सोडून द्या. आणि जवळ 20 आहेत म्हणून 100 चं घर बघायला जाऊ नका. खरेदीखताचा, वकिलाचा खर्च वेगळा. तो जागोजागी बदलतो, मी 6 धरते. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला हवेत, ते 4. म्हणजे 100 च्या घराला 30 लागतात. 20 असतील तर पासष्टच्या आसपासचं घर शोधा.

तेवढंही नसेल तर? राहत्या घरातली एक खोली भाड्याने द्या. माझा पहिला भाडेकरू आमच्या मागच्या खोलीत राहिला, कर्ज न काढता. पैसे थोडे आले, पण शिकायला भरपूर मिळालं. ओळखीचा म्हणून लेखी करार केला नाही आणि विजेच्या बिलावरून चार महिने धुसफूस झाली. तेव्हापासून चावी देण्याच्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो दोघांच्या फोनमध्ये असतो. नळ, पंखे, खिडक्यांच्या काचा यांचेही फोटो, तारखेसकट. करार पुतण्याशी असला तरी लेखीच करायचा. अनामत रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा, ती आपली नसते.

घर बघायला दोनदा जा, एकदा रात्री. सगळे नळ एकदम सोडा म्हणजे पाण्याचा जोर कळतो. मी घेतलेल्या घरात आतल्या खोलीची एकच भिंत ताज्या रंगाची होती, आणि तिला टेकून एक मोठं कपाट. मला वाटलं, किती निगुतीने ठेवलंय घर! पहिल्या पावसात त्या भिंतीला तळहाताएवढे पोपडे धरले. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराची गळती होती ती, आणि आधीच्या मालकाला पुरती ठाऊक असणार. भाडेकरू दोन महिन्यांत गेला, दुरुस्तीसाठी मी मुदत ठेव मोडली. आता मी कपाट सरकवायला लावते. मालक कुरकुरला तर आणखी जोरात लावते. वरच्या मजल्यावरचं दारही वाजवते, गळतीबद्दल शेजारी फार मोकळेपणाने बोलतात.

कागदपत्रं वकिलाला दाखवा. मालकी कोणाची, घरावर कर्ज आहे का, कराची थकबाकी किती. इथे काटकसर नको.

भाडेकरू निवडताना मी नोकरीचा कागद बघते आणि आधीच्या घरमालकाला फोन करते. सध्याच्या मालकाचा शब्द फार धरू नका, त्याला भाडेकरू जायला हवा असेल तर तो गोडच बोलणार.

भाडेवाढीचं एक सांगते. घर एक महिना रिकामं राहिलं की वर्षाच्या भाड्याचा बारावा हिस्सा, म्हणजे 8 टक्क्यांहून जास्त, गेला. 5 टक्के वाढीसाठी अडून बसले आणि चांगला माणूस गेला तर तोटा माझाच. माझी आत्ताची भाडेकरीण तीन वर्षं बाजारभावापेक्षा थोडं कमी देते. नळ ठिबकायला लागला की त्याच संध्याकाळी मला फोन करते, आणि मी प्लंबरला घेऊन जाते.