थंडरबर्डला आपली नावं, गावं आणि विभक्ती शिकवा

ऑफिसचं पत्र इंग्रजीत लिहायला घेतलं की थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्राम आधी डोंबिवलीखाली लाल रेघ ओढतो, मग तहसीलदाराखाली, मग थेट आपल्याच आडनावाखाली. पुढे या रेघांची इतकी सवय होते की खरी चूकही नजरेतून सुटते. त्यावर इलाज म्हणजे आपले शब्द त्याच्या यादीत भरून टाकणं.

आधी सेटिंग्जमधल्या 'कंपोझिशन' विभागात जा. तिथे 'स्पेलिंग'खाली टाइप करतानाच तपासणी करण्याचा पर्याय असतो, त्यावर टिक करा. शेजारीच भाषा निवडायची सोय आहे आणि आणखी शब्दकोश उतरवून घेण्याचा दुवाही. मराठी पत्रं लिहीत असाल तर मराठीचा शब्दकोश बसवून घ्या, नाहीतर अख्खं पत्र लाल होईल.

सुटा शब्द भरायचा तर रेघ आलेल्या शब्दावर राइट-क्लिक करा आणि 'ॲड टू डिक्शनरी' निवडा. मात्र भरण्याआधी शब्द एकदा नीट वाचा. मी एकदा घाईत 'आशिर्वाद' भरला होता, पहिली वेलांटी ऱ्हस्व! त्यानंतर कित्येक पत्रांत तो बिनरेघेचा, दिमाखात जात राहिला. असं झालंच तर पत्राच्या खिडकीतलं 'स्पेलिंग' बटण दाबा, उघडलेल्या चौकटीत 'पर्सनल डिक्शनरी'समोरच्या 'एडिट'वर जा आणि तो शब्द काढून टाका.

पन्नास-शंभर नावं एकदम भरायची असतील तर थेट फाइलच उघडावी. 'हेल्प' मेनूतल्या ट्रबलशूटिंगच्या पानावर 'प्रोफाइल फोल्डर' उघडायचं बटण आहे. फोल्डर उघडला की थंडरबर्ड पूर्ण बंद करा. तो चालू असताना फाइल बदललीत तर पुढचा शब्द भरताना तो आपली जुनी यादी तिच्यावर लिहून टाकतो, आणि तुमची मेहनत पाण्यात. फोल्डरमध्ये 'पर्सडिक्ट डॉट डॅट' नावाची फाइल दिसेल (नाव अर्थात रोमन अक्षरांत). ती नोटपॅडमध्ये उघडा, एका ओळीवर एकच शब्द लिहा, स्वल्पविराम नको, आणि यूटीएफ-८ मध्ये (मराठी अक्षरंही नीट साठवणाऱ्या पद्धतीत) सेव्ह करा. इंग्रजी आणि मराठी शब्द याच एका यादीत सुखाने नांदतात.

खरी गंमत मराठीत आहे. थंडरबर्डची तपासणी हनस्पेल नावाचा शुद्धलेखन तपासणारा प्रोग्राम करतो. तो मुळात हंगेरियनसाठी घडवला गेला, आणि त्या भाषेतही शब्दाला शेपट्या लागत जातात. म्हणून त्याच्या मुख्य शब्दकोशासोबत प्रत्ययांच्या नियमांची वेगळी फाइल असते. आपल्या खासगी यादीला मात्र हे नियम लागू होत नाहीत. 'चिपळूण' भरलात तरी 'चिपळूणला', 'चिपळूणचा', 'चिपळूणहून' लालच राहतात, आणि 'चिपळुणात' तर ऱ्हस्व होऊन बसतो. प्रत्येक रूप वेगळं भरावं लागतं. सगळ्या विभक्ती चालवत बसू नका. आपण पाठवलेली जुनी पत्रं चाळा आणि जी रूपं खरोखर वापरता तेवढीच घ्या.

दुसरी खोच 'कऱ्हाड'ची. हा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: काही कीबोर्ड नुक्तावाला ऱ वापरतात, काही साध्या र्‍ नंतर न दिसणारं जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण संगणकाला ते दोन निरनिराळे शब्द. भरलेला शब्द तरीही लाल दिसत असेल तर पत्रातलाच शब्द कॉपी करून यादीत चिकटवा. फोन आणि लॅपटॉपचे कीबोर्ड वेगळे असतील तर दोन्ही रूपं ठेवा.

ब्राउझरमधून जीमेल वापरणाऱ्यांना ही यादी उपयोगी नाही. तिथली तपासणी ब्राउझर करतो, त्याची स्वतंत्र यादी क्रोमच्या सेटिंग्जमध्ये भाषांच्या विभागात सापडेल.

नवा संगणक घेतलात तर तीच छोटी फाइल पेनड्राइव्हवर उचला आणि तिथल्या प्रोफाइल फोल्डरमध्ये टाका, अर्थात थंडरबर्ड बंद करूनच.